विचारबुद्धी, बाजार व राजसत्ता: योसेफाच्या कोठारांवरून एक पाठ

(वाचावयाचे शास्त्रभाग: उत्पत्ती ४१:४६-५७ व ४७:१३-२६, १ शमुवेल ८:१०-१८, प्रेषितांची कृत्ये २८:१-६.)

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी देवरी तालुक्यातील एका लहान मंडळीत आम्ही पाठ देण्यास गेलो होतो. उपासना संपल्यावर एक तरुण उभा राहिला. तो गोंदियास राहून महाविद्यालयात विज्ञान शिकतो. तो नम्रपणे, परंतु सर्वांस ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाला, "पाळकसाहेब, माणूस पुढे गेला तो विचारबुद्धीने व विज्ञानाने. जेथे व्यापार मोकळा आहे तेथे गरिबासही चार पैसे मिळतात. धर्म माणसास विचार करू देत नाही आणि सरकार त्यास व्यवहार करू देत नाही. मग आम्ही या दोघांच्या हाताखाली का राहावे?" मंडळीत कुजबुज झाली. एक वृद्ध उपदेशक त्यास म्हणाले, "बाबा, करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाच, म्हणजे तुझे समाधान होईल." तरुण खाली बसला. त्याचे समाधान झाले नव्हते, हे आम्हांस दिसत होते.

त्या दिवशी आम्ही त्यास पुरते उत्तर दिले नाही. न देण्याचे कारण आमच्याच मनात होते, आणि ते सांगितल्यावाचून हा पाठ पुढे नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही सेवेस नवीनच लागलो होतो तेव्हा, रोवणीच्या दिवसांत एका रात्री आम्हांस याच गावी एका घरी बोलाविणे आले. घरधनी दिवसभर बांधीत राबून जमिनीवर निजला होता. मध्यरात्री पोटात कळा येऊ लागल्या. अंगावर कोठे जखम दिसेना. शेजारी म्हणाले, मांत्रिकास आणा. आम्ही त्यास साफ मनाई केली, व मंडळीस मोठ्या अभिमानाने सांगितले की, ख्रिस्ती घरात मंत्रतंत्र चालावयाचे नाही. मग आम्ही गुडघे टेकले आणि पहाटेपर्यंत प्रार्थना व गायन केले. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटू लागल्या व त्यास थुंकी गिळवेना, तेव्हा कोणास तरी बैलगाडी जुंपण्याची आठवण झाली. रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. त्यास मण्यार चावली होती. मण्यारीचे दात बारीक असतात, चावा बहुधा दुखत नाही व त्याची खूणही पुष्कळदा दिसत नाही, हे आम्हांस नंतर एका डॉक्टरांनी सांगितले. प्रश्न विचारणारा तरुण हा त्याच गृहस्थाचा मुलगा होय.

प्रार्थना करणे चुकीचे होते काय? नव्हते. परंतु एक मनुष्य गाडीसाठी पाठविला असता आणि बाकीच्यांनी प्रार्थना केली असती, तर देवाचा कोणता अपमान झाला असता? हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविला, हे आम्हीच कित्येकदा शिकविले होते. मांत्रिकास आम्ही दाराबाहेर ठेविले, पण विचारबुद्धीसही त्याच्याबरोबर बाहेर ठेविले.

म्हणून विज्ञानाविषयी तरुण जे म्हणतो ते आम्ही हात जोडून मान्य करितो. मिलिता बेटावर पौलाच्या हातास साप डसला, तेव्हा तेथील लोकांनी प्रथम त्यास खुनी ठरविले व थोड्या वेळाने देव ठरविले. लूक, जो स्वतः वैद्य होता, तो हे दोन्ही तर्क नुसते नोंदवून ठेवितो. आमच्या गावांतही सर्पदंश झाला की कोणी पाप शोधतो, कोणी चमत्कार शोधतो, आणि तोवर विष आपले काम करीत असते. जाणत्या संशोधकांनी २००० ते २०१९ या वर्षांचा हिशेब करून काढले आहे की, या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मरतात. त्यांतील बहुतेक आपणांसारखी खेड्यातील माणसे आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालणारी लस आहे. घोड्यांस थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातील द्रवापासून ती तयार करितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या लशीशी फार वर्षांपासून जोडलेले आहे, आणि ज्या वाल्देमार हाफकिन यांच्या नावाने ती संस्था ओळखली जाते, त्या यहूदी शास्त्रज्ञाने १८९७ साली मुंबईत प्लेगची लस काढली. उपदेशकांनी हे लक्षात ठेवावे: दंश झालेला अवयव हलू देऊ नये, दोरीने आवळू नये, चिरू नये, विष तोंडाने ओढू नये, आणि रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. जमिनीवर निजलेला मनुष्य पावसाळ्यात मध्यरात्री पोटदुखीने उठला, तर खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय घ्यावा. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. आमच्या त्या रात्री तो नव्हता, परंतु बैलगाडी होती.

काही बंधू आम्हांस विचारितात की, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या प्रार्थनेस आड येतो काय. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा ठरविला आहे. प्रार्थनेस मनाई नाही, अडविण्यास आहे. जे कोणी प्रभूच्या नावाने चमत्काराचा देखावा करून गरिबांकडून पैसा काढितात, त्यांसही हा कायदा लागू आहे, आणि तो लागू व्हावा हेच बरे. दाभोलकर देवास मानीत नव्हते. तरी आमच्या मंडळीत जे आम्ही शिकवावयास हवे होते, त्यातील पुष्कळसे त्यांनी शिकविले.

विज्ञान व विश्वास यांचे वैर आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी आपल्या नागपूर प्रांतातील एका आरंभीच्या मिशनऱ्याचे चरित्र पाहावे. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालवीत, सुवार्ता सांगत हिंडत असता ते वाटेतील दगड फोडून त्यांतील प्राचीन जीवांचे अवशेष गोळा करीत. त्यांच्या नावावरून एका खनिजास नाव पडले आहे. गोंड लोकांविषयी त्यांनी लिहून ठेविलेले लेख त्यांच्या मरणानंतर १८६६ साली छापले गेले. एका हातात शास्त्र व एका हातात हातोडी घेऊन चालण्यात त्यांस अडचण वाटली नाही.

येथवर तरुणाची बाजू खरी. आता त्याच लशीविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. ही लस सालेकशाच्या किंवा देवरीच्या गरिबास मिळते ती कोणाच्या हातून? सरकारी रुग्णालयाच्या हातून, आणि मोफत. आफ्रिका खंडातील सर्पांवर चालणारी एक नामांकित लस सानोफी नावाची फ्रेंच कंपनी तयार करीत असे. विकत घेणारे गरीब, नफा थोडा, म्हणून २०१४ साली कंपनीने ती करणे बंद केले, व २०१६ साली शेवटचा साठाही मुदतबाह्य झाला. कंपनीने कोणता कायदा मोडला? कोणताच नाही. बाजाराने आपला नियम पाळला. विज्ञानाने लस दिली, बाजाराने ती मागे घेतली. म्हणून विज्ञान व मोकळा व्यापार ही जुळी भावंडे आहेत असे जे हा तरुण समजतो, ते आम्हांस पटत नाही.

तर मग सरकारच सर्व काही करील, असे म्हणावे काय? येथे योसेफाची गोष्ट नीट वाचिली पाहिजे. ती आपण शब्बाथ शाळेत बहुधा अर्धीच शिकवितो. सुकाळाच्या सात वर्षांत योसेफाने पिकाचा पाचवा हिस्सा नगरोनगरी साठविला, आणि दुष्काळ पडला तेव्हा मिसर देश वाचला. येथे आपण पुस्तक मिटतो. परंतु सत्तेचाळिसावा अध्याय पुढे सांगतो. पहिल्याने लोकांचा पैसा सरकारी खजिन्यात गेला. मग त्यांची गुरे गेली. त्याच्या पुढल्या वर्षी त्यांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांनी आपली शरीरेही फारोस विकली. त्यानंतर बियाणे सरकारचे, शेत सरकारचे, व पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा सरकारचा. योसेफ दुष्ट नव्हता. त्याने लोकांचे प्राण वाचविले व लोकांनी त्याचे उपकारही मानले. तरी वाचविणाऱ्या हातात कोठाराची किल्ली राहिली, आणि पुढे योसेफास न ओळखणारा राजा उठला तेव्हा त्या किल्लीचे काय झाले, हे निर्गमाच्या पहिल्या अध्यायात आहे.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती पाळकांनी विशेषेकरून वाचावी. सर्वांच्या जमिनी गेल्या, पण पुजाऱ्यांच्या गेल्या नाहीत. त्यांस फारोकडून शिधा मिळत होता. धर्माधिकारी राजाच्या कोठारातून खात असले म्हणजे लोकांच्या गुलामगिरीविरुद्ध त्यांचे तोंड उघडत नाही. तरुणाने धर्म व सरकार यांस एका जोखडात बांधिले ते उगीच नव्हे. जोतीराव फुले, जे स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, त्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड पुरा केला. त्यात धर्माच्या नावाने लुबाडणारे व सरकारी कचेरीतील माणसे या दोघांवरही तो ओढिला आहे. शमुवेलाने तर राजा मागणाऱ्या लोकांस आधीच बजाविले होते की, तो तुमच्या धान्याचा व कळपांचा दहावा भाग घेईल, आणि मग तुम्ही ओरडाल.

आता आपल्या रानाकडे वळू. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मे महिन्यात पहाटे तीनला चूल पेटते. तेंदूची पाने उन्हाच्या आधी तोडावी लागतात. दुपारी घरातील म्हाताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सर्व बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधितात व संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. म्हातारी माणसे सांगतात की, पूर्वी ठेकेदाराचा मुनीम हाच सर्व काही होता. मजुरी तो म्हणेल ती. शेकड्यामागे काही पुडे वाळतील, फाटतील म्हणून फुकट. निरक्षर बाईच्या नावापुढे काय लिहिले ते तिला कळावयाचे नाही. हा व्यापार मोकळा होता. परंतु मोकळा होता तो विकत घेणाऱ्यास. विकणाऱ्यापुढे एकच दार होते. आमोस संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांवर रागावला, ज्यांचे माप लहान व वजन जड होते, त्यांचेही दुकान असेच मोकळे असावे.

शेजारच्या मध्य प्रदेशाने १९६४ साली तेंदूपानाचा व्यापार सरकारी एकाधिकारात घेतला, व महाराष्ट्राने १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराचा कायदा करून तेच केले. मजुरीचा दर सरकार ठरवू लागले, रानाचे घटक पाडून लिलाव होऊ लागले. गरिबास त्याने आधार मिळाला हे खरे आहे, आणि पुढे स्वामित्वधनातील काही रक्कम बोनस म्हणून तोडणाऱ्यांस वाटली जाऊ लागली हेही खरे आहे. ही योसेफाची कोठारे होत. परंतु ज्या रानात आजे-पणजे राहिले, तेथील पान तोडणारा त्या पानाचा धनी झाला नाही. तो मजूरच राहिला. स्वतः तोडलेले पान दुसऱ्या गिऱ्हाइकास विकणे हा गुन्हा झाला. असे जवळजवळ चाळीस वर्षे चालले.

मग २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू व तेंदूपान यांची नावे त्यात उघड लिहिली आहेत, आणि ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क रानात राहणाऱ्यांचा मानिला आहे. कायदा कागदावर होणे व हातात येणे यांत अंतर असते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास आपला बांबू वाहून नेण्याचे परवाना-पुस्तक २०११ च्या एप्रिलात मिळाले, आणि तेही केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. २०१३ पासून गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानही स्वतः विकण्यास आरंभ केला. ग्रामसभाच निविदा मागविते, ग्रामसभाच व्यापाऱ्याशी करार करिते, मजुरी व स्वामित्वधन दोन्ही गावात येतात.

ही व्यवस्था सरकारचीही नव्हे व ठेकेदाराचीही नव्हे, म्हणून तिच्यात पाप नाही असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही काही सभांस बसलो आहो. व्यापारी थोडे असतात व आधी आपसांत बोलून येतात, अशी शंका लोकांस येते. कोणी पान उचलून नेतो व पैशास महिने लावितो. २०१७ च्या जुलैपासून तेंदूपानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, त्याचे ओझे कोणी सोसावयाचे यावर कित्येक सभांत भांडणे झाली. तो कर २०२५ साली ५ टक्क्यांवर आणिला. एखाद्या हंगामात भाव आकाशास भिडतो व पुढल्या हंगामात कोसळतो. भाव कोसळला म्हणजे तीच माणसे म्हणतात, सरकारच बरे होते. इस्राएल लोकांनी रानात मिसरातील मांसाची भांडी आठविली, त्याचीच ही आठवण होय. धानाचेही तसेच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानास क्विंटलमागे २,३६९ रुपये आधारभूत किंमत ठरविली. किंमत चांगली, परंतु खरेदी केंद्र उशिरा उघडले तर ज्याच्या घरी लग्न किंवा आजार आहे तो आपले कट्टे व्यापाऱ्याच्या दारी कमी दराने टाकून येतो. सरकारच्या नावाने तो रडतो व बाजाराच्या नावानेही रडतो, आणि दोन्ही वेळा त्याचे रडणे खरे असते.

आमच्या तरुणाजवळ शरद जोशी यांची पुस्तके आहेत. ती त्याने आम्हांस वाचावयास दिली व आम्ही वाचिली. सरकार शेतमालाचे भाव पाडून शेतकऱ्यास लुटते, हे त्यांचे म्हणणे सहज टाकून देता येण्यासारखे नाही. आम्ही त्यास न्यायमूर्ती रानड्यांविषयी सांगितले, ज्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन, इंग्रजांचे मोकळ्या व्यापाराचे शास्त्र सर्व देशांस व सर्व काळांस सारखे लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले. दोघेही महाराष्ट्राचे विचारवंत, दोघेही विचारबुद्धीनेच चालले, आणि दोघांचे उत्तर निराळे आले. यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तर मग आम्ही कोणाचे ऐकावे?" आम्ही म्हणालो, "तुझ्या गावच्या फळीवर वही कोण लिहितो, ते आधी सांग."

कारण लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव राजासही आज्ञा करीत नाही व व्यापाऱ्यासही वेगळी आज्ञा करीत नाही. तो सर्वांस खरी ताजवी व खरे माप ठेवावयास सांगतो. माप खरे आहे की नाही हे पाहावयास मोजता आले पाहिजे, व वही वाचता आली पाहिजे. ही विचारबुद्धी होय, आणि ती देवाने गोंड, हलबा, महार, पोवार सर्वांस सारखी दिली आहे. ती न वापरणारा मनुष्य प्रथम मुनिमाच्या, मग कारकुनाच्या, आणि मग मांत्रिकाच्या किंवा आमच्यासारख्या एखाद्या पाळकाच्या हाती सापडतो. परंतु माप खरे का असावे, आंधळ्या म्हातारीस दोन पुड्यांनी फसविले तर कोणाचे काय बिघडते, हे बुद्धी एकटी सांगत नाही. फसविणाऱ्याजवळही बुद्धी असतेच, आणि पुष्कळदा अधिक असते.

एक शंका आम्हांस अजून सुटलेली नाही, ती लपवीत नाही. हे पान शेवटी विडीस जाते. तंबाखूने काय होते हे विज्ञानाने निःसंशय सिद्ध केले आहे, आणि विड्या वळणाऱ्या बायांचा खोकला आम्ही ऐकिला आहे. बाजार म्हणतो, पान विका. सरकार विडीच्या बंडलावर भीतीचे चित्र छापते आणि त्याच विडीवर कर घेते. आम्ही मे महिन्यात त्या विधवेस काय सांगावे, जिचे पावसाळ्याचे मीठमिरची याच पैशावर आहे? आम्ही अद्याप तिला, पान तोडू नको, असे सांगितलेले नाही. कोणा बंधूस अधिक प्रकाश मिळाला असेल तर त्याने आम्हांस लिहावे.

तो तरुण यंदा फळीवर वही लिहावयास बसला होता. आम्ही एका संध्याकाळी तेथे गेलो. प्रत्येकाचे नाव व पुड्यांची संख्या तो मोठ्याने वाचीत होता, व ऐकणारे आपल्या चिठ्ठीवर पाहत होते. एक म्हातारी म्हणाली, "बाबू, माझे तीन कमी लिहिलेस." त्याने पुडे पुन्हा मोजले. तीन कमीच लिहिले होते. त्याने आकडा खोडून नवा लिहिला, खाली तिचा अंगठा घेतला, आणि पुढचे नाव वाचले.